रंगोबाचं तोंड

मेथी निवडता निवडता वत्सलाबाईंनी मान वर केली, ती निकितानं डोळ्यांसमोर मोबाइल धरला म्हणून. "आजी, बघ ना. रंगोबांची मूर्ती आली. योगेशकाकांनी ग्रुपवर टाकलीय." वत्सलाबाईंनी मातीचे हात पदराला पुसले, चष्मा सारखा केला आणि पाहिलं, तोच त्यांच्या उजव्या मनगटातून एक कळ निघाली आणि थेट कोपरापर्यंत गेली. कळ आधी आली, ओळख मागाहून. पांढऱ्याशुभ्र संगमरवरात तो मांडी घालून बसला होता. फेटा, पिळदार मिशा, गुडघ्यावर टेकवलेली मूठ. डाव्या भुवईत खाच. उजवा कान पहिलवानांचा असतो तसा चुरगळून गोळा झालेला. आणि खालचा ओठ जरासा आत ओढून घेतलेला. हा ओठ असा आत गेलेला दिसला की एकेकाळी त्या हातातलं काम ठेवून भिंतीला पाठ लावून उभ्या राहत. "कसला रुबाब आहे ना?" निकिता म्हणाली. "एकदम खरा माणूस वाटतो." "हो," वत्सलाबाई म्हणाल्या, "खराच वाटतो." आणि पुन्हा मेथी घेऊन बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की आपण पानं कागदावर टाकतोय आणि काड्या पातेल्यात.

रंगोबाला तोंड नव्हतं. हे पंचवटीतल्या त्या बोळात पूर्वी कुणाला सांगावं लागत नसे. पेशवाई बुडाली त्या सुमाराला कधीतरी रंगोबा नावाचा एक माणूस गोदावरीच्या काठी येऊन राहिला आणि त्यानं मनगटीची विद्या बसवली. समोरच्याच्या हातात तलवार असो की कुऱ्हाड, आपण रिकाम्या हातानं त्याचं मनगट धरायचं आणि असं फिरवायचं की हत्यार आपोआप गळून पडावं. त्याच्या मागं तालीम राहिली आणि तालमीला लागून हे एवढंसं देऊळ. जाताना तो म्हणाला होता म्हणे, माझं तोंड करू नका, तोंड केलंत की पोरं माझ्याकडं बघत बसतील, समोरच्याच्या हाताकडं बघणार नाहीत. म्हणून कोनाड्यात मूर्ती नव्हती, मातीचा गोळा होता. नागपंचमीला आखाडा उकरायचा, त्यातली ओंजळ ओंजळ माती ताक, हळद, तूप घालून मळायची, नारळाएवढा गोळा वळायचा आणि जुना नदीत सोडून नवा बसवायचा. मळायची वस्तादाच्या घरच्या बाईनं. आखाड्यात पाय टाकायची तिला मुभा नव्हती. माती पुरुषांनी उंबऱ्यापाशी आणून द्यायची आणि गोळा उंबऱ्यापासूनच आत न्यायचा. पण जगभरचे पैलवान ज्याच्यापुढे दंडवत घालत तो आपल्या परातीत वळला जातो, याचं वत्सलाबाईंना फार होतं. चांदवडहून लग्न होऊन आल्या, त्या घरात त्यांना आपलं म्हणावं असं तेवढंच मिळालं. सासू बयाबाईंनी शिकवलं होतं ते. ताक किती आंबट हवं, तूप कधी घालायचं, गोळा वाळताना तडकू नये म्हणून ओला पंचा कसा गुंडाळायचा. सासू गेल्या, मग सावळीराम वस्ताद गेले, त्यांच्यामागे गादीवर बसायला कुणी उरलं नाही, मुलानं अंबडच्या कंपनीत नोकरी धरली आणि इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तरी दर श्रावणात वत्सलाबाई रिक्षा करून पंचवटीत जात होत्या आणि गोळा वळून येत होत्या.

आणि आता रंगोबाला तोंड आलं होतं आणि ते सावळीरामाचं होतं. त्यांच्या नवऱ्याचं. हे कुणालाच कसं दिसलं नाही याचं आधी त्यांना नवल वाटलं, मग वाटलं नाही. घरातल्या दिवाणखान्यात जो फोटो होता तो शेवटच्या दुखण्यातला, गालफडं बसलेला, केविलवाणा, उशीला टेकलेला म्हातारा. निकितानं आजोबा म्हणून तोच पाहिलेला. तालमीतला तरणा फोटो वेगळा. हिंदकेसरी नाही, पण नगरच्या कुठल्याशा मैदानात गदा मिळवली तेव्हा मेनरोडवरच्या स्टुडिओत जाऊन काढलेला. कॅमेऱ्यासमोर अवघडल्यावरही हा माणूस ओठ आत ओढायचा. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

मूर्तीची स्थापना नागपंचमीला, म्हणजे चारच दिवसांवर होती आणि पहिली माती वत्सलाबाईंनी लावायची होती. तालमीचा नवा अध्यक्ष योगेश पत्रिका आणि पैठणीच्या काठाची साडी घेऊन स्वतः घरी आला होता. "काकू, गोळ्याची प्रथा आता थांबवावी लागतेय, लोकांना दर्शनाला काहीतरी हवं ना. सिंहस्थ आलाय, देशभरातून माणसं येणार. पण मान तुमचा. कपाळाला पहिली माती तुमच्या हातची लागली की मग प्राणप्रतिष्ठा." त्या दिवशी त्यांना भरून आलं होतं. गोळा गेला तर गेला, हात तरी आपलाच लागेल. सुनेला त्यांनी दोनदोनदा विचारलं होतं, ज्योत्स्ना, या साडीवर ब्लाउज शोभेल का गं. निकिता तर मैत्रिणींना सांगत सुटली होती, माझी आजी करणार आहे सगळं. आता त्या तोंडाला आपण सगळ्यांदेखत हात लावायचा, वाकायचं. आणि मग ही पोर रोज संध्याकाळी तालमीतल्या क्लासला गेली की त्याच्या पायांवर डोकं ठेवणार. मेथीची जुडी संपली तरी वत्सलाबाई कागद गोळा न करता तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कुणाला न सांगता निघाल्या. सिंहस्थाच्या नावानं सगळं नाशिक खणून ठेवलं होतं. रिक्षावाला द्वारका चौकापासून कुरकुरत होता. "आजी, तिकडं रस्ताच नाही राहिला. उतरून चालावं लागंल." "चालेन," त्या म्हणाल्या. बोळाच्या तोंडाशी उतरल्या आणि सवयीनं नाक वर झालं. पूर्वी इथूनच वास सुरू व्हायचा, ताक-हळदीत मुरलेल्या तांबड्या मातीचा, घामाचा, लिंबाच्या पाल्याचा. रविवारी तर बोळ माणसांनी भरलेला असे. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचं पोर झाडावरून पडलेलं. इगतपुरीपासून माणसं यायची, कारण मनगटं मोडायची विद्या ज्याला येते त्याला हाडं बसवायचीही येते आणि सावळीराम वस्तादासारखी हाडं बसवणारा चार तालुक्यांत नव्हता. पैसा घेत नसे. "देवाचा हात आहे," माणसं जाताना म्हणायची आणि तिच्याकडं बघायची, जणू त्या हाताचं तिलाही काही बक्षीस मिळत असावं. आता वास येत होता तो रंगाचा. आखाडा बुजवून वर फरशी आणि निळ्या गाद्या टाकल्या होत्या. भिंतीवर 'मुलींसाठी स्वसंरक्षण वर्ग, दररोज संध्याकाळी' असा फलक होता. त्या फलकाकडं वत्सलाबाई जरा वेळ बघत राहिल्या. मग चपला काढून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या जागेवर पाय ठेवून पलीकडं गेल्या. गादी मऊ लागली. काहीच वाटलं नाही.

योगेश देवळात विजेवाल्याशी हुज्जत घालत होता. मूर्तीचं तोंड लाल कापडानं झाकलेलं होतं. "काकू! अहो, फोन करायचा, गाडी पाठवली असती." त्यांनी सरळच विचारलं, "हा चेहरा तुम्ही आणलात कुठून?" "फोटोवरून," योगेश अभिमानानं म्हणाला. "कोनाड्याच्या वर टांगलेला नव्हता का, धुपानं काळा झालेला? सगळ्यात जुना. जयपूरला पाठवला, त्यांनी काँप्युटरवर साफ केला. भुवईची खाचसुद्धा आली बघा." वत्सलाबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. तालमीची रीतच होती ती. वस्तादांच्या फोटोखाली नाव घालायचं नाही, रंगोबापुढं नाव कसलं मिरवायचं. आणि शेवटी गेलेल्या वस्तादाचा फोटो कोनाड्याच्या वर टांगायचा, पुढचा जाईपर्यंत. सावळीरामानंतर पुढचा झालाच नाही. फोटो तिथंच राहिला. त्याच्याखाली वाढलेली पोरं कोनाड्याला हात जोडताना वर बघत राहिली आणि वर बघता बघता त्यांना रंगोबा दिसला.

"योगेश, तो रंगोबा नाही. ते आमचे हे आहेत."

योगेशनं विजेवाल्याला हातानंच बाहेर पिटाळलं. "काय सांगता!" त्यानं एकदा कापडाकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. ती भीती नव्हती, लाजही नव्हती. तो आनंद होता. "सावळीराम वस्ताद! अहो काकू, मग तर योगच म्हणायचा! माझ्या वडिलांचा गुडघा त्यांनीच बसवलेला. आमच्या घरी अजून नाव काढतात." "अरे, पण तोंड करायचं नाही असं—" "ते जुनं झालं हो. आणि शिष्याचं तोंड ते गुरूचं तोंड. किती मोठा मान आहे तुमचा, कळतंय का?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त कुणाला आत्ता बोलू नका. पत्रिका गेल्यात, मंत्री यायचेत. नंतर आपण पद्धतशीर जाहीर करू."

बाहेर ओट्यावर हिरामण बसला होता. सावळीरामाचा सगळ्यात लाडका चेला, आता मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावलेला. पावलांवरूनच त्यानं ओळखलं. "वहिनी हाय ना? बसा." त्या बसल्या. बोळातून सिमेंटची गाडी कशीबशी मागे येत होती. "तुम्हाला माहीत होतं, हिरामणभाऊ?" "फोटो उतरवला तवाच कळलं व्हतं." "मग बोलला का नाहीत?" "काय बोलायचं? म्हटलं, आपल्या वस्तादाचा देव व्हतोय, व्हऊ द्या. कुणाचं वाईट व्हतंय?" वत्सलाबाईंनी उजवा हात उचलून त्याच्या काळ्या चष्म्यासमोर धरला. दिसत होतं की नव्हतं कोण जाणे. "माझा कोपर तुम्ही धरला होता," त्या म्हणाल्या.  हिरामण काठीचं टोक फरशीच्या फटीत घालून फिरवत राहिला. "लय जुनी गोष्ट हाय ती, वहिनी. पर वस्तादानं बसवला ना तुमचा हात? स्वतःच्या हातानं बसवला का नाय?" "बसवला." "मग!" तो म्हणाला, आणि त्या 'मग'मध्ये सगळं मिटवून त्यानं काठी फटीतून काढली. उठताना वत्सलाबाईंनी एवढंच विचारलं की आखाड्यातली माती कुठं टाकली. मागं लिंबाखाली गोण्या भरून पडल्यात, तो म्हणाला. एक गोणी घरी पाठवून द्या, त्या म्हणाल्या.

संध्याकाळी निकिता क्लासहून आली ती घामाघूम आणि खुशीत. "आजी, आज मनगटीचा पहिला पेच शिकवला. हात दे, दाखवते." वत्सलाबाईंनी डावा पुढं केला. "तो नाही गं, उजवा. पेच उजव्यावरच बसतो." पोरीची बोटं मनगटाभोवती पडली. अंगठा हाडाच्या खाली, करंगळी नाडीवर. बरोबर तिथंच. बोटं तीच होती, फक्त बारीक आणि गार. "आता मी असा फिरवणार... अगं, हा फिरतच नाही! असा कसा गं तुझा हात, आजी?" "घाटावर पडले होते," वत्सलाबाई म्हणाल्या. "धुणं घेऊन. शेवाळ होतं." हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगून झालं होतं की त्यातलं शेवाळ त्यांना स्वतःलाही पायाखाली लागायचं. "चल, काहीतरीच, तू तर अनफिट आहेस," म्हणून निकिता अंघोळीला पळाली.

चांदवडला नागपंचमीला घरोघरी मातीचा नाग करत. वत्सलाबाई पोर असताना आई फणा वळायची आणि म्हणायची, वच्छे, डोळे तू लाव. मग तिनं ज्वारीचे दोन दाणे निवडून, ओठांशी ओले करून ते फण्यावर अलगद दाबायचे. दाणा बसला की नाग बघायला लागे. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला सासूनं परात पुढं ठेवली, गोळा वळून झाला, ओला, गुळगुळीत, सुंदर. आणि दारात बसून बायका नाग-नरसोबाची चित्रं चिकटवत होत्या, वर झोका बांधला होता, कुणीतरी फेराचं गाणं म्हणत होतं, आणि नवी नवरी हसत हसत उठली, डब्यातून ज्वारीचे दोन दाणे आणले आणि गोळ्यावर दाबले. बघ हं रंगोबा, म्हणाली. गंमत म्हणून. तेवढ्यात गोळा न्यायला सावळीराम उंबऱ्याशी आला. त्यानं गोळ्याकडं पाहिलं, गोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा खालचा ओठ आत गेला. "रंगोबाला तोंड केलंस?" तो ओरडला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं, अंगठा हाडाखाली, करंगळी नाडीवर, आणि फिरवलं. वाळलेली काडी मोडावी एवढाच आवाज झाला. फेराचं गाणं चालूच होतं. मग त्यानंच हिरामणला हाक मारली, कोपर धरायला लावला आणि हाड बसवलं. डॉक्टरकडं नेलं असतं तर बभ्रा झाला असता. चार तालुक्यांतल्या माणसांचे हात जिथून सरळ होऊन जायचे त्या घरातला एक हात तेवढा वाकडा राहिला. बयाबाईंनी दाणे काढून टाकले, खळगे पाण्याच्या हातानं बुजवले आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं ताक घुसळता येतं गं. मीही घुसळलंय." एवढंच. त्यानंतर कधी वत्सलाबाईंनी सासूचा उजवा हात निरखून पाहिला होता का? आठवत नव्हतं. पाहिला नव्हता. पाहायला हवा होता.

नागपंचमीच्या सकाळी त्यांनी गॅलरीत बसून माती मळली. गोणीतली माती कोरडी, रया गेलेली होती. वरून सिमेंटची भुकटी पडलेली, ती चाळून काढावी लागली. ताक घातल्यावर मात ती जागी झाली. तोच वास आला आणि आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. "आई, कपाळाला टिळा लावण्यापुरती हवी ना? केवढी मळताय," ज्योत्स्ना म्हणाली. "असू दे," वत्सलाबाई म्हणाल्या.

बोळात मांडव, लाउडस्पीकर, फुलांच्या कमानी. निळ्या गाद्यांवर पांढऱ्या गणवेशातल्या मुली ओळीनं बसलेल्या आणि त्यांत निकिता, ताठ. मंत्री काही आले नव्हते, त्यांचा माणूस आला होता. योगेशनं कापड ओढलं आणि टाळ्या झाल्या. सावळीराम संगमरवरातून ओठ आत ओढून समोर बघत होता. त्याच्याकडं बघायचं नाही, त्याच्या हाताकडं बघायचं, असं काहीसं वत्सलाबाईंच्या मनात आलं. हात गुडघ्यावर होता. मूठ वळलेली. दगडाची. "आता वस्ताद घराण्याच्या वत्सलाकाकू पहिली माती अर्पण करतील," योगेश माइकवर म्हणाला. त्यांनी परातीत बोट बुडवलं नाही. दोन्ही हात घातले. ओंजळभर माती घेऊन त्यांनी आधी कपाळ लिंपलं, मग भुवईची खाच बुजवली. मग डोळे, एकेक, अंगठ्यानं दाबून. मग नाक. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. भटजी मंत्राच्या मध्येच थांबले. वत्सलाबाईंनी आणखी माती घेतली, चुरगळलेला कान, मिशा, आणि शेवटी तो ओठ. ओठाच्या खाचेत माती गच्च बसेपर्यंत त्या चोळत राहिल्या. वाकड्या हातानं नीट गोल येत नव्हता, पण आला. हात मागे घेतले तेव्हा फेट्याखाली ओला, गुळगुळीत गोळा होता. रंगोबा. मांडवात एवढी शांतता झाली की स्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या क्षणभरात वत्सलाबाईंना वाटलं, झालं. सगळ्यांना दिसलं.

"बंधू-भगिनींनो!" योगेशचा आवाज दाटून आला होता. "हे मृत्तिकालेपन! दोनशे वर्षांची आपली परंपरा! काकूंनी आज ती जिवंत केली. दरवर्षी, दरवर्षी हा सोहळा आपण असाच करायचा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुली उभ्या राहिल्या. सगळीकडून मोबाइल वर झाले. भटजींना धीर आला, त्यांनी मोठ्यानं मंत्र सुरू केला, आणि अभिषेकाचा तांब्या उचलला. गोदावरीचं पाणी. आधी कपाळ उघडं पडलं. मग भुवई. माती चिखल होऊन गालांवरून, छातीवरून, गुडघ्यावरच्या मुठीवरून उतरत गेली. एक तांब्या, आणखी एक. डोळे धुतले गेले. सगळ्यात शेवटी ओठ. सगळं निघालं, आणि ताकानं घासल्यासारखा संगमरवर आधीपेक्षा लख्ख झाला.

गढूळ पाणी गोमुखातून खाली पातेल्यात साठलं होतं. ते तीर्थ. लोकांची झुंबड उडाली. कुणी वत्सलाबाईंच्या पायाला हात लावत होतं, कुणी फोटोसाठी खांदा धरत होतं. निकिता गर्दीतून वाट काढत आली, गळ्यात पडली. "आजी, तू भारीच आहेस! अंगावर काटा आला." भटजींनी पळी पुढं केली. वत्सलाबाईंनी हात पुढं केला. तो उताणा होतच नव्हता. पळीतलं तांबूस पाणी बोटांवरून खाली गेलं. भटजींनी पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. "अगं, हात सरळ कर ना, आजी," निकिता म्हणाली आणि खालून आपला हात लावायला लागली.

"होत नाही."

"जरासा?"

"नाही होत. मोडलाय तो." वत्सलाबाईंना आपलाच आवाज ओळखू आला नाही. घाटाचं, शेवाळाचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते बाहेर पडलं नाही. "यानं मोडला," त्या म्हणाल्या, आणि हनुवटीनं समोर दाखवलं.

निकितानं मागं वळून पाहिलं. तिथं मूर्तीशिवाय कुणी नव्हतं. ती हसली, मग हसू तसंच तोंडावर ठेवून तिनं पुन्हा मूर्तीकडं पाहिलं. भुवईच्या खाचेकडं. "म्हणजे कुणी?"

"तुझ्या आजोबांनी. हे तुझे आजोबा आहेत."

मागच्या बाईनं रेटा दिला तशा दोघी बाजूला झाल्या.  निकितानं आपलं तीर्थ केव्हाच पिऊन टाकलं होतं आणि रीतीप्रमाणं ओला हात डोळ्यांना आणि केसांना पुसलाही होता. तो हात ती आता अंगापासून लांब धरून उभी होती. पांढऱ्या गणवेशाला पुसावा तर डाग पडला असता, आणि दुसरीकडं कुठं पुसायचा ते तिला कळत नव्हतं.